दोन दिवस शेडमध्ये, मग लेआउट : बडोद्यात मिळणाऱ्या पाहणी सेवेचा आढावा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत, पोर-रमणगामडीकडे किंवा वर सावली-मंजुसरला तुमचं छोटं इंजिनिअरिंग युनिट असेल, तर लीन लेआउट, म्हणजे वाया जाणारं चालणं, थांबणं आणि साठा कमी करणारी शेडची मांडणी, करून देतो म्हणणारी माणसं तुमच्याही दारात येऊन गेली असतील. त्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पाइप आणि जॉइंट जोडून उभी केलेली बेंचं आणि रॅक विकणारे पुरवठादार येतात, तासभर फिरतात, फोटो काढतात आणि थोड्या दिवसांत थ्रीडी चित्रासकट कोटेशन पाठवतात. स्वतंत्र सल्लागार फी घेऊन दोन दिवस शेडमध्ये थांबतात. तिसरे केंद्र सरकारच्या लघुउद्योगांसाठीच्या एमएसएमई लीन योजनेतून येतात आणि टप्प्याटप्प्याने काम करतात. हा आढावा मुख्यतः मधल्या प्रकाराचा, म्हणजे दोन दिवसांच्या सशुल्क पाहणीचा आहे. बाकी दोघांबद्दल शेवटी थोडक्यात.

मत आधीच सांगतो. असेंब्लीची लाइन, पॅकिंग किंवा चार-पाच मशीनचा सेल (एकत्र काम करणारा गट) नव्याने मांडायचा असेल, तर ही पाहणी घ्या. लेआउटमधल्या महागड्या चुका बहुतेक करून शेडमध्ये काय आहे आणि काम कसं चालतं हे न बघता बेंच ठरवल्यामुळे होतात. पण ‘पाहणी’ या एका शब्दाखाली इतक्या वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात की नीट केलेली पाहणी कशी असते, ते तपशिलात सांगणं भाग आहे.

सुरुवात टेपपासून. लेसर मीटर आणि पाच मीटरची स्टील टेप, दोन्ही हवीत. शेडची लांबी-रुंदी एकाच जागी मोजून भागत नाही. दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजायची, आणि दोन्ही कर्णही मोजायचे. कर्णांत फरक आला की समजायचं, भिंती काटकोनात नाहीत, आणि भिंतीला टेकवायची १२ मीटरची लाइन एका टोकाला सुटणार. मग कॉलम. मंजुरीच्या ड्रॉइंगवर कॉलम ३०० मि.मी.चा दिसतो, पण जमिनीशी त्याचं पेडेस्टल बरंच रुंद असू शकतं, आणि बेंचचा पाय नेमका तिथे येतो. रोलिंग शटरची मोकळी उंची ड्रमच्या खोक्याखाली मोजायची. गटाराच्या जाळ्या, जुन्या मशीनचे छाटलेले फाउंडेशन बोल्ट, दोन शेड जोडल्या तिथला उंचवटा, हे सगळं कागदावर यायला हवं, कारण हँड पॅलेट ट्रकची छोटी चाकं अशाच ठिकाणी अडकतात. १२०० × १००० मि.मी.चा पॅलेट घेऊन काटकोनात वळायला त्या ट्रकला साधारण दोन मीटर वाट लागते. चित्रात सव्वा मीटरचा पिवळ्या पट्ट्यांचा रस्ता छान दिसतो. त्यातून माणूस जातो, पॅलेट वळत नाही.

जमिनीचा उतार लेव्हल लावून बघितला का, हे जरूर विचारा. पाणी वाहून जावं म्हणून दिलेला एक अंशाचा उतार २.४ मीटरच्या रॅकखाली ४२ मि.मी.चा फरक करतो. रोलर रॅकला, म्हणजे ज्यावर मालाचे डबे आपोआप घरंगळत पुढे येतात त्या रॅकला, आपला उतारच ३ ते ५ अंशांचा द्यायचा असतो, तेव्हा हा एक अंश चालेल म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

मशीनचं माप कॅटलॉगमधून उचललेलं असेल, तर पाहणी अर्धीच झाली. कॅटलॉगमधली लांबी-रुंदी बहुधा मशीनच्या अंगाची असते. सीएनसी लेथचा चिप कन्व्हेयर, त्याखालची ट्रॉली, पॅनलचं दार पूर्ण उघडायला लागणारी जागा, कूलंटची टाकी साफ करताना जितकी बाहेर ओढावी लागते ती लांबी, हे सगळं धरलं की तेच मशीन कितीतरी जास्त जागा मागतं. दोन लेथ समोरासमोर ठेवून मध्ये एक माणूस उभा करणं कागदावर सोपं असतं. टाकी ओढायची वेळ आली की दोन्ही मशीनं बंद ठेवावी लागतात. जाणकार माणूस इथे मेंटेनन्सवाल्याला बोलावतो, “गेल्या सहा महिन्यांत या मशीनला कुठून कुठून हात घालावा लागला?” असं विचारतो, आणि तेवढी जागा खडूने जमिनीवर आखून घेतो.

माप झालं की उभं राहायचं. टोयोटाच्या ताइची ओनोंबद्दल सांगतात, की ते जमिनीवर खडूचं वर्तुळ काढून माणसाला त्यात उभं करत आणि बघत राहा म्हणत. दोन दिवसांच्या फीमधला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि वेळ कमी पडला की काटछाटही नेमकी इथेच होते. पहिल्या अर्ध्या तासात कामगार सावध असतात, कोणी आलंय म्हणून हात जोरात चालतात. तेव्हा घेतलेले टायमिंग फेकून द्यायच्या लायकीचे. तासाभराने माणसं विसरतात आणि खरं काम दिसू लागतं. स्क्रू ड्रायव्हर पलीकडच्या बेंचवरून मागून आणला जातो. गॅस्केटची पिशवी दाताने फाडली जाते. अर्धवट जॉब उचलून खाली ठेवला जातो, कारण बेंचवर जागा नाही.

या वेळात तीन कागद तयार व्हायला हवेत. पहिला, वाटांचा नकाशा. ए-थ्री कागदावर शेडची आखणी छापायची आणि एका माणसाची प्रत्येक फेरी पेन्सिलने एक रेघ अशी काढत जायची. किमान दोन माणसं, प्रत्येकी तासभर. मालाची वाट वेगळ्या रंगात, वेगळ्या कागदावर. दोन्ही एकत्र केल्या तर नुसता गुंता होतो आणि त्यातून काही वाचता येत नाही.

दुसरा कागद वेळेचा. प्रत्येक कामाच्या किमान दहा सायकल (तेच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत दहा वेळा), आणि त्यातही फक्त सरासरी लिहून चालत नाही. सलग जमणारी कमीत कमी वेळ आणि मध्येच लागलेली जास्तीत जास्त वेळ, दोन्ही लिहायच्या, शिवाय जास्त का लागली ते शेजारी. लेआउटचा उपाय त्या ‘का’मध्ये असतो. सर्वांत चपळ कारीगराच्या वेळेवर लाइन बसवली, तर तो रजेवर गेला की लाइन तुंबते.

टॅक्टचा, म्हणजे किती मिनिटांना एक नग बाहेर पडायला हवा त्याचा, हिशोब शेठसमोर मांडून दाखवावा, म्हणजे वाद राहत नाही. शिफ्ट ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि चहाची दोन वेळची मिळून २० वजा केली की ४३० उरतात. रोज ८६ नग हवे असतील तर ५ मिनिटांना एक. आता वाटांच्या नकाशात एका नगामागे ४० मीटर चालणं निघालं, तर दिवसाला ३,४४० मीटर. सेकंदाला एक मीटर धरलं तरी जवळजवळ ५७ मिनिटं. म्हणजे ४३० मिनिटांतला आठव्या भागाहून जास्त वेळ नुसता पायांत जातो. असा आकडा तुमच्या स्वतःच्या शेडचा निघाला, तर फी द्यायची की नाही हे ठरवायला दुसरं काही लागत नाही.

तिसरा कागद मोजलेल्या मालाचा. ठरावीक वेळी, समजा सकाळी ११ वाजता, प्रत्येक टप्प्यामध्ये पडलेले नग प्रत्यक्ष मोजायचे, बेंचखालचे आणि बाहेरच्या पत्र्याखालचेही. रोज ८६ नग जातात आणि मध्ये ४३० पडलेत, म्हणजे आज आत आलेला नग पाच दिवसांनी बाहेर पडणार. सिस्टिममधला स्टॉक आणि हा आकडा बहुधा जुळत नाही, आणि लेआउट करायचा तो या मोजलेल्या आकड्यावर. एक अडचण मात्र दोन दिवसांत सुटत नाही. महिन्याच्या १० तारखेला आलेल्या माणसाला ३० तारखेची डिस्पॅचची गर्दी दिसत नाही. म्हणून मागच्या तीन महिन्यांचं डिस्पॅच रजिस्टर त्याने मागून घ्यायला हवं. न मागता निघून गेला, तर तो तुम्हाला मधल्या आठवड्याचा लेआउट देणार, आणि महिनाअखेरीला पेट्या रस्त्यावर येणार.

टूल्स चालवणाऱ्या कंप्रेसरच्या हवेच्या लाइनकडे बहुतेक पाहण्या दुर्लक्ष करतात, आणि इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. असेंब्ली कंप्रेसरजवळून शेडच्या दुसऱ्या टोकाला हलवली की कागदावर मालाची वाट सरळ होते. पण कंप्रेसरपाशी ७ बार दाखवणारा गेज शेवटच्या ड्रॉपवर (टूल जोडायला खाली उतरवलेल्या पाइपवर), सगळी टूल्स एकदम चालू असताना, बराच खाली येतो. न्यूमॅटिक रेंचला दाब कमी मिळाला की टॉर्क पडतो. बोल्ट बसल्यासारखा वाटतो, लीक टेस्टला नग गळतो, आणि दोष गॅस्केटच्या पुरवठादाराच्या माथी जातो. नवी लाइन आणि वाढलेलं रिवर्क (नग पुन्हा दुरुस्त करण्याचं काम) यांचा संबंध कोणी जोडत नाही, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही. म्हणून पाहणीच्या यादीत गेज लावून तीन जागचा दाब हवाच : कंप्रेसरवर, सध्याच्या जागी, आणि जिथे लाइन न्यायची त्या जागी, तिन्ही भर शिफ्टमध्ये. कामगार जेवायला गेल्यावर घेतलेला दाब कितीही चांगला असला तरी निरुपयोगी. कधी लाइनचा व्यास वाढवून भागतं, कधी दोन्ही टोकं जोडून रिंग करावी लागते. जेवणाच्या सुट्टीत टूल्स बंद असताना कंप्रेसर किती वेळा लोड होतो (पुन्हा हवा भरायला लागतो) तेही मोजून घ्या, गळती किती आहे ते त्यावरून कळतं.

प्रकाशाला लक्स मीटर पुरतो. मध्यम बारीक असेंब्लीला बेंचच्या पातळीवर ३०० ते ५०० लक्स धरा. माप मात्र रात्रपाळीतही घ्यायला हवं, आणि बेंचच्या वर रॅक येणार असेल तर त्याची सावली धरून.

उन्हाळ्याचं बडोदं मात्र चित्रवाल्यांच्या लक्षातच येत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस पंख्याशिवाय उभा राहू शकत नाही. नव्या लाइनवर पंख्याची जागा ठरवली नसेल, तर पहिल्याच आठवड्यात पेडेस्टल फॅन रस्त्याच्या पिवळ्या पट्टीवर येतो, त्याची वायर आडवी पडते, आणि दोन मीटरची वाट सव्वा मीटरची होते. डेझर्ट कूलर शटरमध्ये बसवलेला असेल, तर ते शटर मालाच्या वाटेसाठी उपलब्ध नाही हे आधीच लिहून ठेवावं लागतं. पावसाचंही तसंच. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. सखल जागी शेड असेल, तर पाहणी करणाऱ्याने वॉचमनला पाणी कुठवर आलं ते भिंतीवर दाखवायला सांगावं. रॅकचा खालचा खण, बेंचखालचा एक्स्टेन्शन बोर्ड आणि पुठ्ठ्याच्या पेट्या त्या रेषेच्या वर जायला हव्यात.

पाहणी करणारा कोणाशी बोलला, यावरून त्याची किंमत कळते. फक्त शेठ आणि मॅनेजरशी केबिनमध्ये चहा घेऊन गेलेला माणूस तुम्हाला तुमचंच मत छापून देईल. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं ते याच शहरात. हाताला अक्कल असलेल्या फिटर-टर्नरची परंपरा इथे जुनी आहे, आणि आजच्या शेडमध्ये गुजराती, हिंदी, मराठी बोलणारे कामगार शेजारी-शेजारी उभे असतात. पाहणी करणाऱ्यांपैकी एकाला तरी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत सहज बोलता आलं पाहिजे. “सगळ्यात जास्त वैताग कशाचा?” या एका प्रश्नाला मिळालेली उत्तरं आहेत तशी लिहून घ्यावीत. स्टोअरकीपर, हेल्पर आणि ट्रॉली ढकलणारा, हे तिघे सुटता कामा नयेत, कारण लाइनवरचा माणूस जिथे थांबतो त्याचं कारण बऱ्याचदा स्टोअरमध्ये असतं. लाइन हलवली आणि स्टोअरची खिडकी जुन्याच जागी राहिली, तर चालणं कमी होत नाही. फक्त चालणारा माणूस बदलतो.

आता पुठ्ठा. दुसऱ्या दिवसाअखेर किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी खऱ्या मापाचा पुठ्ठ्याचा नमुना उभा करून देत असतील, तर ही सेवा पैसे वसूल करून देते असं निःशंकपणे म्हणता येतं. जुन्या पेट्यांचे पुठ्ठे, पॅकिंगची टेप, कटर, दोन टेबलं, एवढंच सामान. जमिनीवर टेपने लाइनची कड आखायची, पुठ्ठ्याचं बेंच उभं करायचं, खरे बिन (पार्ट ठेवायचे डबे), खरे पार्ट, खरी टूल्स मांडायची आणि नेहमीच्या दोन कारीगरांकडून वीस नग करून घ्यायचे. पाचव्या-सहाव्या नगापर्यंत माणसं स्वतःहून बिन सरकवायला लागतात. वॉशर डावीकडे नको, उजवीकडे हवा. रेंच वरून लटकवला तर डोक्याला लागतो. ते सरकवू द्यायचं आणि दर बदलानंतर फोटो घ्यायचा. सेव-उसळीची लारी आठवा : रस्सा, तरी, सेव, कांदा, पाव सगळं हाताच्या अंतरात, आणि सर्वांत जास्त लागणारा डाव उजव्या हाताशी. ही मांडणी रोज शेकडो प्लेटा भरून ठरलेली असते. वीस नगांत त्यातलं बरंचसं शिकता येतं.

बेंचची उंचीही इथेच पक्की होते. हलक्या असेंब्लीला कामाची पातळी कोपराच्या ५ ते १० से.मी. खाली हवी, बारीक नजरेच्या कामाला थोडी वर, जोर लावायच्या कामाला आणखी खाली. आणि ही कामाची पातळी आहे, बेंचच्या पृष्ठभागाची नव्हे. जॉब फिक्स्चरमध्ये (तो धरून ठेवणाऱ्या साच्यात) २०० मि.मी. वर बसत असेल, तर बेंच तेवढंच खाली घ्यावं लागतं. दोन्ही शिफ्टमधल्या सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या माणसाचं कोपर मोजून घेतलेलं नसेल, तर कोटेशनमधली उंची अंदाजाने टाकलेली आहे असं समजा.

बिनबद्दल एक गोष्ट पुरवठादार सहसा सांगत नाहीत. रोलर रॅकवर बिन घरंगळणं हे त्याच्या बुडावर अवलंबून असतं. तळाला आडव्या रिब असलेला बिन रोलरच्या फटीत अडकतो, मऊ पुठ्ठ्याची पेटी मध्ये दबून बसते, एकच पार्ट उरलेला हलका बिन वरच थांबतो आणि पूर्ण भरलेला खाली येऊन आदळतो. म्हणून तुमचाच बिन, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा, रोलरच्या तुकड्यावर चालवून बघितल्याशिवाय उतार ठरवू नका. दिवसभर हाताने उचलायचा भरलेला बिन १०-१२ किलोंच्या आत ठेवा, आणि त्यात साधारण दोन तासांपुरतेच पार्ट. रॅक मोठा केला की माल आपोआप वाढतो. जेवढे खण, तेवढा स्टॉक. पाहणीचा अहवाल सध्याच्या रॅकपेक्षा मोठे रॅक सुचवत असेल, तर कारण मागा.

पुरवठादाराच्या फुकट पाहणीबद्दल. ती वाईट असते असं नाही. एखाद-दुसरं बेंच, टूल ट्रॉली किंवा एकच रॅक हवा असेल तर तेवढी पुरते, आणि २८ मि.मी.चा कोटिंगवाला पाइप, धातूचे जॉइंट, एम-सिक्सचे बोल्ट आणि ५ मि.मी.ची ॲलन की एवढ्यावर उभी राहणारी ही पद्धत नंतर सहज बदलता येते. पण तिचा शेवट कोटेशनमध्येच होणार हे ठरलेलं असतं. ‘इथे बेंच नकोच, स्टोअरची खिडकी सरकवा’ असं उत्तर त्या पाहणीतून येणं अवघड. सशुल्क पाहणीतही एक अट लेखी घ्या : मापं, तिन्ही कागद आणि आखणीची फाइल तुमच्या मालकीची राहील आणि कोणत्याही पुरवठादाराला देता येईल. काही जण फक्त पीडीएफ देतात, आणि मग प्रत्येक बदलासाठी त्यांच्याकडेच जावं लागतं.

एमएसएमई लीन योजना १० मार्च २०२३ रोजी नव्या रूपात सुरू झाली. बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड असे तीन स्तर आहेत, आणि सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के वाटा सरकार उचलतं. लघुउद्योगांची सरकारी उद्यम नोंदणी असलेल्या युनिटने आधी हे दार ठोठवावं. वेळ जास्त लागतो, कागदपत्रं असतात, पण माणूस पुन्हा पुन्हा येतो, आणि दोन दिवसांच्या पाहणीत नेमकी तीच उणीव असते. येत्या महिन्यात लाइन हलवायचीच असेल तर मात्र थांबू नका.

भिंत पाडायची, मशीनं हलवायची किंवा शेड वाढवायची असेल, तर मंजूर नकाशाशी ते जुळतं का हे औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्य संचालनालयाच्या बाजूनेही तपासून घ्या. बाहेर पडायचे रस्ते रॅकने अडवलेला लेआउट कितीही सरळ असला तरी मंजूर करू नका.

कोणाला या पाहणीची गरज नाही? दोन-तीन माणसांचं जॉबवर्क, रोज वेगळा जॉब, ठरलेली वाटच नाही, अशा ठिकाणी तिन्ही कागदांतून फारसं काही निघत नाही. तिथे शेडमधलं नको ते सामान बाहेर काढणं आणि टूल्सच्या जागा ठरवणं आधी करा, त्याला बाहेरचा माणूस लागत नाही.

फी ठरवताना महिन्याने परत येण्याची एक फेरी तिच्यातच घालून घ्या. त्या दिवशी जॉइंटचे बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण पहिल्या आठवड्यांत ते सैल पडतात, शेवटच्या ड्रॉपवरचा दाब पुन्हा घ्यायचा, आणि जमिनीवरची पिवळी पट्टी कुठे झिजली आहे ते बघायचं. जिथे ती आडवी झिजलेली दिसेल, तिथून माणसं आणि ट्रॉली रोज पट्टी ओलांडून जातात. तेवढी जागा आखणीवर लाल पेनाने दाखवायला सांगा.